‘ब्लॅक टाय’ म्हणजे काय, आणि कार्डावर न लिहिलेलं बाकीचं

गेल्या महिन्यात एका श्रोतीचा मेल आला. ती इथे ब्रिटनमध्ये पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला आहे. विभागाच्या वार्षिक डिनरचं कार्ड तिच्या हातात पडलंय. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, ‘ब्लॅक टाय ऑर नॅशनल ड्रेस’. त्याच्याही खाली, ‘कॅरेजेस ॲट मिडनाइट’. तिचा प्रश्न सरळ होता: ताई, मी काय घालू? आणि ताजा कलम: बग्गी खरंच येते का?

मी लगेच उत्तर टाइप केलं, ‘साडी नेस, कुणी काही म्हणणार नाही.’ पण पाठवलं नाही. ‘कुणी काही म्हणणार नाही’ या वाक्याशी अडले. इथे आल्यापासून कपड्यांवरून मला जो काही मनस्ताप झालाय, तो कुणी काही म्हटल्यामुळे झालेलाच नाही. कुणी काही न म्हटल्यामुळे झालाय.

तर आधी ते कार्ड नीट वाचू. ‘ब्लॅक टाय’ या दोन शब्दांत सांगितलंय त्यापेक्षा कितीतरी जास्त गृहीत धरलेलं आहे. काळं, किंवा काळंच वाटेल इतकं गडद निळं डिनर जॅकेट. त्याच्या कॉलरच्या पट्ट्यांवर रेशमी कापड. पँटच्या बाहेरच्या शिवणीवरून खालपर्यंत एक रेशमी पट्टी. पांढरा शर्ट, काळा बो, काळे बूट. कमरेला वेस्टकोट किंवा ‘कमरबंड’. हा कमरबंड म्हणजे आपला कमरबंदच. हिंदुस्थानातल्या उकाड्यात वेस्टकोट नकोसा झालेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तो इथून उचलला आणि मायदेशी नेला. म्हणजे ज्या पोशाखाऐवजी आपल्याला ‘नॅशनल ड्रेस’ची सवलत मिळते, त्याच्या कमरेला आधीपासूनच हिंदुस्थान गुंडाळलेला आहे.

हे सगळं संध्याकाळी सहाच्या आधी घालायचं नाही. याच्या वरची पायरी ‘व्हाइट टाय’, म्हणजे मागे शेपट्या असलेला कोट, पांढरा वेस्टकोट, पांढरा बो. खालची पायरी ‘लाउंज सूट’, म्हणजे साधा ऑफिसचा सूट. (मला पहिल्यांदा वाटलं होतं, हे सोफ्यावर लोळताना घालायचं काहीतरी असणार.) आणि ‘कॅरेजेस ॲट मिडनाइट’ म्हणजे बाराला कार्यक्रम आटोपतो, घरी जायची सोय करून ठेवा. बग्ग्या गेल्या, शब्द तेवढा उरला.

गंमत म्हणजे हा कडक पोशाख जन्माला आला तो सैल पोशाख म्हणून. सॅव्हिल रोवरच्या हेन्री पूल या शिंप्यांच्या पेढीची कथा अशी, की १८६५ साली त्यांनी त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्ससाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, सँड्रिंगहॅमच्या घरगुती जेवणांना घालायला एक आखूड जॅकेट शिवलं. शेपटीच्या कोटातून सुटका, एवढाच हेतू. पुढे १८८०च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या धनिकांच्या वसाहतीत ते जॅकेट पोचलं आणि अमेरिकेत त्या गावाचंच नाव त्याला चिकटलं. आज ज्याला आपण औपचारिकतेचा कळस समजून घाबरतो, तो एका राजपुत्राचा घरात बसायचा कोट होता. नियम किती सनातन आहे असं कुणी सांगायला लागलं की मी ही गोष्ट सांगते.

पण मला ब्लॅक टायची टिंगल करायची नाहीये. उलट मी त्याची बाजू घेणार आहे, निदान निम्म्या वाटेपर्यंत.

जे. सी. फ्लूगल या मानसशास्त्रज्ञाने १९३०च्या आपल्या पुस्तकात ‘पुरुषांचा महान त्याग’ अशी एक कल्पना मांडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या पुरुषांनी रंग, जर, नक्षी, टाचांचे बूट हे सगळं सोडून दिलं आणि गडद, साध्या, एकसारख्या कपड्यांत शिरले. त्याआधी उमराव अंगावरच्या रेशमावरून दुरून ओळखू यायचा. आता सगळेच काळे कावळे. या एकसारखेपणात एक वचन होतं: या खोलीत आलास की तुझा बाप कोण हे तुझ्या कोटावरून दिसणार नाही.

ते वचन खोटं होतं का? अगदीच नाही. माझा एक मित्र परभणीचा. पहिल्या डिनरला त्याने जॅकेट भाड्याने आणलं, बो आयता हुकवाला घेतला, बूट माझ्या फ्लॅटमेटचे घातले. त्या रात्री त्या हॉलमध्ये तो आणि सात पिढ्या तिथेच जेवत आलेला मुलगा, दोघं फोटोत सारखे दिसतात. नियम लिहिलेला होता, म्हणून शिकता आला. कपडा ठरलेला होता, म्हणून भाड्याने मिळाला.

याउलट माझं काय झालं ते ऐका. पीएच.डी.च्या पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळच्या स्वागत समारंभाचं निमंत्रण आलं. त्यावर होतं ‘स्मार्ट कॅज्युअल’. मी शब्दकोश काढल्यासारखा विचार केला. स्मार्ट म्हणजे नीटनेटकं, समारंभ म्हणजे समारंभ, म्हणून हिरवी रेशमी साडी, आईचे मोत्यांचे कानातले, केसात पिना. दारातून आत गेले तर पुरुष जीन्सवर ब्लेझर घातलेले, बायका साध्या काळ्या-करड्या टॉपमध्ये. कुणीही काही म्हटलं नाही. एक प्राध्यापिका फक्त म्हणाल्या, ‘हाऊ कलरफुल!’ आणि मी पुढचे दोन तास भिंतीजवळ, हातात संत्र्याच्या रसाचा ग्लास धरून उभी. पुढच्या वेळी शहाणी झाले. जीन्सवर कुर्ता घालून गेले, तर त्या दिवशी सगळे कडक इस्त्रीत.

‘स्मार्ट कॅज्युअल’, ‘फेस्टिव्ह’, ‘कम ॲज यू आर’ हे शब्द ऐकायला मोकळे आहेत. पण नियम सैल झाला म्हणजे परीक्षा रद्द झाली असं होत नाही, फक्त अभ्यासक्रम जाहीर होत नाही. तो ज्यांना घरातूनच पाठ आहे ते सहज पास होतात आणि त्या सहजपणालाच ‘स्टाइल’ म्हणतात. बाकीचे आदल्या रात्री मागच्या वर्षीचे फोटो झूम करकरून बघतात. माझ्या मते आत्मविश्वासाने मोकळेढाकळे कपडे घालता येणं ही या देशातली सगळ्यात महागडी गोष्ट आहे.

आणि आपल्या श्रोतीच्या कार्डाकडे परत पाहिलंत तर एक गोष्ट लक्षात येईल. ब्लॅक टाय हा कोड पुरुषाच्या गळ्यावरून ओळखला जातो. बायकांनी काय घालायचं यावर कार्ड गप्प आहे. लांब ड्रेस म्हणतात, पण किती लांब, किती उघडा, किती चमकणारा, हे ज्याचं त्याने, म्हणजे जिचं तिने, ओळखायचं. नियमाचा जो फायदा माझ्या परभणीच्या मित्राला मिळाला तो त्याच टेबलावरच्या मुलींना मिळत नाही. त्या ब्लॅक टायच्या डिनरलाही ‘स्मार्ट कॅज्युअल’च्याच परीक्षेला बसलेल्या असतात.

निम्म्या वाटेपर्यंत बाजू घेईन म्हटलं होतं, ती वाट इथे संपते. कपडे सारखे झाले तरी अंगं सारखी होत नाहीत. २०१४ साली ‘पीपल’ मासिकाच्या मुलाखतीत मिशेल ओबामांनी एक प्रसंग सांगितला. बराक एका ब्लॅक टाय डिनरला टक्सीडो घालून गेलेले असताना कुणीतरी त्यांना कॉफी आणायला सांगितलं. पाहुणा आणि वाढपी दोघंही काळ्या-पांढऱ्यात असतात. मग कोण कोण आहे हे लोक कशावरून ठरवतात? कोटाने जे लपवायचं वचन दिलं होतं, ते चेहऱ्यावरून वाचलं जातं.

आता त्या दुसऱ्या पर्यायाकडे, ‘ऑर नॅशनल ड्रेस’. ही सवलत खरी आहे आणि उपयोगी आहे. स्टॉकहोममध्ये १० डिसेंबरला नोबेल सोहळ्याला पुरुषांना व्हाइट टाय आणि बायकांना इव्हनिंग गाउन सांगतात, राष्ट्रीय पोशाखही चालतो. २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी धोतर आणि बंदगळा घालून गेले, एस्थर डुफ्लो साडी नेसून. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तो फोटो किती फिरला आठवत असेल. मला त्यात डुफ्लोंची साडी जास्त रोचक वाटली. पॅरिसमध्ये जन्मलेल्या बाईचा ‘राष्ट्रीय पोशाख’ साडी कसा? जन्माने नाही, पासपोर्टनेही नाही, नात्याने. म्हणजे या शब्दात राष्ट्र लिहिलंय, पण आत नातंही मावतं.

तरी या सवलतीची किंमत आहे. साडी नेसून गेले की मला स्पर्धेतून बाहेर काढलेलं असतं. माझी साडी बरोबर की चूक, साधी की भारी, दिवसाची की रात्रीची, हे त्या खोलीत कुणालाच कळत नाही. म्हणून चुकायची भीती नाही, पण नीट नेसल्याचं कौतुकही नाही. निऱ्या सुटल्या तरी ‘ब्यूटिफुल’, चापूनचोपून नेसली तरी ‘ब्यूटिफुल’. जेवणाच्या टेबलावर उजवीकडचा पाहुणा माझ्या संशोधनाबद्दल विचारायच्या बेतात असतो, तेवढ्यात डावीकडची बाई म्हणते, हे किती मीटर असतं हो? आणि सूप येईपर्यंत आम्ही मीटरमध्येच. मी जिवाणूंवर काम करते. ते सांगायची वेळ कधीकधी कॉफीला येते.

शिवाय माझा ‘नॅशनल ड्रेस’ कोणता? पुरुषांना विचाराल तर लग्नातली शेरवानी काढतात. तिचा महाराष्ट्राशी संबंध बॅंक्वेट हॉलच्या बुकिंगपासून सुरू होतो. हा प्रश्न इंग्रजांसमोर कधी अडत नाही, कारण त्यांना फरक कळत नाही. तो अडतो आपल्याच लोकांत.

आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांचा ड्रेस कोड तुम्हाला माहीतच आहे: ‘पारंपरिक’. दिवाळीच्या संध्याकाळचं जेवण, हॉल भाड्याचा, मेनूत पुरणपोळी, आणि व्हॉट्सॲपवर निरोप, ‘ड्रेस कोड पारंपरिक, प्लीज!’ मी पैठणी नेसते, क्लिपची नथ लावते, चंद्रकोर टेकवते. फोटो छान येतात. पण माझ्या सातारकडच्या आजीने आयुष्यात पैठणी नेसली नाही. तिची दोन सुती लुगडी होती, एक अंगावर, एक दोरीवर. आमच्या घरातली पहिली पैठणी माझ्या लग्नात येवल्याहून आली. मी जी परंपरा नेसून उभी असते ती आमच्या घराने नुकतीच हप्त्यांवर घेतलेली आहे.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी एक मित्र निळा थ्री-पीस सूट घालून आला. फेट्यांच्या आणि झब्ब्यांच्या गर्दीत तो उठून दिसत होता. स्वागताला उभ्या असलेल्या काका हसत म्हणाले, ‘अरे, आज पारंपरिक होतं ना!’ तो तितकाच हसत म्हणाला, ‘काका, आमचं पारंपरिक हेच.’ काकांना विनोद वाटला, त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मलाही विनोदच वाटला. दोन दिवसांनी भांडी घासताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला माझीच लाज वाटली.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात चौकात उभा असलेला तो निळा सूट मी लहानपणापासून पाहत आले होते. पाहत आले होते, वाचला नव्हता. ज्या समाजाला शतकानुशतकं काय घालायचं नाही, काय पायात घालायचं नाही, कुठला दागिना अंगावर चढवायचा नाही हे गाव सांगत होतं, त्यांना ड्रेस कोड ही काय चीज आहे हे कार्ड छापणाऱ्यांपेक्षा जास्त कळतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी बायकांना मुद्दाम वेगळं मार्गदर्शन केलं. लुगडं नेसायची ठरावीक तऱ्हा आणि ते जाडजूड दागिने ही अस्पृश्यतेची खूण आहे, ती अंगावरून काढा, असं त्यांनी सांगितलं. आणि बायकांनी तिथल्या तिथे नेसण बदललं. माझ्या माहितीत एखादा ड्रेस कोड इतक्या झटपट मोडल्याचं दुसरं उदाहरण नाही. चार वर्षांनी लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजी पंचा आणि शालीत होते, बाबासाहेब सुटात. आपण शाळेत पंचाचं धाडस शिकलो. सुटाचंही धाडस होतं हे कुणी शिकवलं नाही. ज्याला घालायला कधी मनाई नव्हती त्यानेच कपडे उतरवून ठेवण्याला अर्थ येतो.

पण नियम इतका सरळही नाही, कारण जोतीराव फुले आहेत. १८८८ साली पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कनॉट यांच्यासाठी मेजवानी दिली. जोतीरावांनाही आमंत्रण होतं. ते गरीब माणूस नव्हते. सरकारी कामांचे कंत्राटदार, पुणे नगरपालिकेचे माजी सदस्य, फोटोत दिसतं तसं पागोटं-उपरणं अंगावर असणारे. त्या दिवशी ते फाटक्या कपड्यातल्या शेतकऱ्याच्या वेशात गेले. दारावर अडवलं गेल्याचंही चरित्रकार सांगतात. आत जडजवाहीर घातलेली मंडळी बसली होती. जोतीराव इंग्रजीत बोलले. सांगितलं ते साधारण असं: ही इथे सजून बसलेली माणसं म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा बघायची तर खेड्यात चला, आणि राणीसाहेबांना तिची दैना आणि तिच्या शिक्षणाची गरज कळवा.

इथे जोतीरावांनी ‘नॅशनल ड्रेस’ या शब्दाचा अर्थ शब्दशः घेतला, असं मी म्हणेन. राष्ट्र जे घालतं ते घालून गेले. ती सवलत देणाऱ्यांना हा पोशाख कधीच अपेक्षित नसतो. त्यांना जर हवी असते, घोंगडी नाही. हे आपल्या मंडळाच्या ‘पारंपरिक’लाही लागू आहे. माझी आजी तिच्या दोरीवरच्या लुगड्यात त्या हॉलच्या दारात आली असती, तर काकांनी तिला हसून आत घेतलं असतं, की स्वयंपाकघर कुठे आहे ते दाखवलं असतं? मला खात्री देता येत नाही. काका वाईट माणूस नाहीत, म्हणून जास्तच देता येत नाही.

तोडायचं ठरवलं तरी कोण तोडतंय यावर बरंच अवलंबून असतं. १९९७ साली ब्रिटनचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन मॅन्शन हाउसच्या मेजवानीत औपचारिक पोशाख नाकारून साध्या सुटात भाषणाला उभे राहिले. बातमी झाली, जेवण मिळालं. २०१४ साली चेन्नईतल्या एका क्लबमध्ये पुस्तक प्रकाशनाला आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी नेसल्यामुळे दारातून परत जावं लागलं. न्यायमूर्ती होते म्हणून प्रकरण विधानसभेत गेलं आणि त्याच वर्षी तामिळनाडूने कायदा केला, की वेष्टी किंवा तसा भारतीय पोशाख आहे म्हणून अडवाल तर परवाना जाईल. त्याआधी किती जण गुपचूप रिक्षा करून परत गेले असतील? आपण मात्र ‘वरून आलेला नियम आहे’ म्हणून मान डोलावणारी माणसं. इथे येऊनही तो गुण गेलेला नाही.

तर त्या श्रोतीला मी अखेर जे लिहिलं ते असं. पहिली गोष्ट, ज्यांनी कार्ड पाठवलंय त्यांनाच विचार: मागच्या वर्षी बायकांनी काय घातलं होतं? हे विचारण्यात कमीपणा काही नाही, उलट पुढच्या वर्षी कदाचित कार्डावर आणखी एक ओळ वाढेल. साडी नेसायची असेल तर नेस, पण सवलत आहे म्हणून नको, तुला त्यात सैल वाटतं म्हणून नेस. नसेल वाटत तर चॅरिटी शॉपमध्ये लांब काळे ड्रेस मिळतात, मी माझा पहिला तिथेच घेतला होता. आईला सुटाची हौस असेल आणि तुलाही असेल तर बायकांनी डिनर जॅकेट घातलेलंही मी पाहिलंय, झक्क दिसतं. साडीच्या मीटरचा प्रश्न आला तर ‘साधारण साडेपाच’ म्हण आणि लगेच स्वतःच्या प्रयोगाकडे वळ, श्वास घेऊ नकोस. काका-छाप कुणी काही म्हणालं तर काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. मला अजून सुचलेलं नाही.

आणि बग्गी येत नाही. तुमच्या हॉलपासून शेवटची बस अकरा चाळीसला आहे, ती गेली तर टॅक्सीला रांग लागते. सपाट चपला पिशवीत ठेव.